लफेव्र, फाब्र, फोर: एकाच लोहाराची इतकी आडनावं कशी झाली?

प्रश्न असा आलाय: पुण्यात आयटीत काम करणाऱ्या एकाच्या टीममध्ये उत्तर फ्रान्समधल्या लील शहराचे तीन सहकारी आहेत आणि तिघांचं आडनाव लफेव्र. पण दोघांच्या स्पेलिंगमध्ये बी आहे, तिसऱ्याच्या नाही. शिवाय दक्षिणेकडचा एक फाब्र आणि एक फोर. हे सगळे भाऊबंद आहेत का, आडनावाचा अर्थ काय, आणि फ्रान्समध्ये ते खरंच इतकं कॉमन आहे का?

मी वीसेक वर्षं फ्रेंच जन्मदाखले, लग्नाचे दाखले, चर्चच्या जुन्या वह्या यांची भाषांतरं करतेय आणि या एका आडनावाने माझा जितका वेळ घेतलाय तितका दुसऱ्या कुठल्याच नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आधी थोडक्यात उत्तर देऊन टाकते. पाचही जणांच्या आडनावाचा अर्थ एकच, लोहार. आणि ते एकमेकांचे नातेवाईक असण्याची शक्यता जवळजवळ नाही, अगदी ज्या दोघांचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळतं त्यांचीसुद्धा.

मूळ शब्द लॅटिनमधला, फाबेर. कठीण मालावर काम करणारा कारागीर असा त्याचा अर्थ होता, लोखंडाचं करणारा वेगळा, लाकडाचं करणारा वेगळा, पण दोघेही फाबेरच. पुढे फ्रान्समध्ये अर्थ आक्रसत गेला आणि फक्त लोहार उरला. आपल्याकडे ग्रिल, शेड, गेट बनवणाऱ्याच्या दुकानावर 'फॅब्रिकेशन वर्क्स' अशी पाटी असते ना, तो फॅब्रिकेशन शब्दही याच फाबेरच्या घरातला, इंग्रजीमार्गे आपल्यापर्यंत आलेला. म्हणजे भोसरीत वेल्डिंग करणारा माणूस आणि लीलचा तुमचा सहकारी, दोघांच्या नावाच्या पाटीवर एकच शब्द आहे.

लॅटिनची फ्रेंच होताना बोलण्यात ब चा व झाला. हे एकाच शब्दात नाही झालं, ठरलेल्या पद्धतीने झालं: पुस्तकाचा लिब्रुम तो लीव्र झाला, फेब्रुआरिउस महिना फेव्रिए झाला, तसाच फाबेर (विभक्तीत फाब्रुम) तो फेव्र झाला. पुढे 'ल' जोडला, ते इंग्रजीतल्या 'द' सारखं उपपद, की झालं लफेव्र, 'तो लोहार'. गंमत म्हणजे आजच्या फ्रेंचमध्ये लोहाराला फेव्र कोणी म्हणत नाही, फोर्झरों म्हणतात. फेव्र जिवंत राहिला तो सोनाराच्या शब्दात, ऑर्फेव्र, म्हणजे सोन्याचा लोहार. आणि यातूनच एक गोष्ट कळते जी मला फार महत्त्वाची वाटते. फोर्झरों हे आडनाव फ्रान्समध्ये सापडायला अवघड, आणि लफेव्र पावलोपावली. कारण उघड आहे, आडनावं चिकटली तेव्हा लोक लोहाराला फेव्र म्हणत होते, फोर्झरों नंतर रुळला, तोवर आडनावांचं दार बंद झालं होतं. त्या जमान्याची बोली आडनावात तशीच्या तशी राहून गेली.

आता हे आडनाव एवढं का पसरलं. बऱ्याच जणांना वाटतं की त्या काळी लोहार खूप असणार म्हणून. उलट आहे! शेतकरी खूप होते, विणकरही काही भागांत घरोघर होते. ज्या गावात दहातले आठ जण शेती करतात तिथे 'शेतकरी पिएर' म्हणून काय कळणार, कोणता पिएर? पण लोहार गावात एकच. आपल्या बलुतेदारीतही गावचा लोहार म्हणजे एक घर, सगळ्यांना माहीत. नांगराचा फाळ, घोड्याचे नाल, दाराच्या बिजागऱ्या, कोयत्या, सगळ्यासाठी त्याच्याकडेच जायचं. त्यामुळे 'लोहाराचा जाँ' म्हटलं की विषय संपला. ओळख पटवायला नाव हवं असतं आणि वेगळेपणाशिवाय ओळख पटत नाही. प्रत्येक गावात एक असं धरलं तर हजारो गावांत हजारो लोहार, एकमेकांशी काही संबंध नसलेले, आणि प्रत्येकाच्या पोराबाळांना तेच नाव. म्हणून म्हटलं, नातं शोधू नका.

साधारण अकराव्या ते तेराव्या शतकात ही टोपणनावं पडत गेली, कारण बाप्तिस्म्याची नावं थोडकीच होती आणि माणसं वाढली. पॅरिसची 1292 ची करवसुलीची यादी आहे, तिच्यात नावापुढे धंदा लिहिलेले कितीतरी लोक सापडतात, फेव्रही सापडतात. तिथे वाचताना कळत नाही की हा धंदा लिहिलाय की आडनाव. त्या पिढीलाही बहुधा तो फरक फारसा जाणवत नसावा. मग हळूहळू मुलगा दुसरा धंदा करायला लागला तरी नाव बापाचंच राहिलं, आणि तिथे आडनाव जन्माला आलं.

एक गैरसमज खोडून काढते, इंटरनेटवर सगळीकडे दिसतो. 1539 मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने व्हिले-कोतरे इथे हुकूम काढून आडनावं सक्तीची केली असं लिहितात. तसं नाहीये. त्या हुकुमाने पाद्र्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायला लावल्या. आडनावं आधीपासून होती, या वह्यांमुळे ती कागदावर आली इतकंच. 1579 च्या हुकुमाने लग्नं आणि दफनं त्यात आली, 1667 मध्ये वहीच्या दोन प्रती आणि लोकांच्या सह्या आल्या. सप्टेंबर 1792 मध्ये क्रांतीच्या सरकारने हे काम चर्चकडून काढून नगरपालिकांकडे दिलं. आणि 23 ऑगस्ट 1794 चा कायदा आला की जन्मदाखल्यावर जे नाव आहे त्याखेरीज दुसरं वापरायचं नाही. तिथे आडनावं कायद्याने गोठली. स्पेलिंग मात्र तरीही हलतच होतं, 1877 पासून कुटुंबाला एक अधिकृत पुस्तिका मिळायला लागली, घरात छापील पुरावा आला, तेव्हा कुठे स्पेलिंग थाऱ्यावर आलं.

आता तो बी. यावर मला जरा वेळ काढू द्या कारण खरी गोष्ट इथे आहे.

स्पेलिंग बघा: एल-ई-एफ-ई-बी-व्ही-आर-ई. बी चा उच्चार शून्य. लफेब्व्र असं म्हणू नका, लफेव्रच. तर मग हा बी आला कुठून? दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकमेकांना धरून आहेत. पहिलं, शेवटच्या मध्ययुगातले कारकून, नोटरी, पाद्री हे लॅटिन शिकलेले लोक. त्यांना फेव्र लिहिताना आतला फाबेर दिसायचा, तो कागदावर दाखवायची त्यांना हौस होती. एताप्ल गावचा जाक लफेव्र हा नावाजलेला विद्वान, 1536 मध्ये वारला, लॅटिनमध्ये तो स्वतःचं नाव फाबेर असंच लिहायचा. म्हणजे शिकलेल्यांना ही जोडणी पक्की माहीत होती.

दुसरं कारण जास्त कामाचं. तेव्हा यू आणि व्ही ही दोन वेगळी अक्षरं नव्हती. एकच अक्षर, शब्दाच्या सुरुवातीला व्हीसारखं काढायचं आणि आत यूसारखं. मग 'लफेव्र' कागदावर दिसणार एल-ई-एफ-ई-यू-आर-ई असं. वाचणाऱ्याने काय वाचायचं, व की उ? गोंधळ नको म्हणून मध्ये एक बी घालायचे, बी दिसला की समजायचं पुढचं अक्षर व आहे. हे फक्त या आडनावात नव्हतं, 'कर्तव्य' या अर्थाचा दव्वार शब्दही बी घालून लिहीत, घेवड्यासारख्या शेंगेला फेव्ह म्हणतात त्यातही बी घालायचे. पुढे व्ही आणि यू वेगळे झाल्यावर साध्या शब्दांतून बी निघून गेला, कारण शब्दकोशवाल्यांनी काढला. आडनावातून कोण काढणार? ते कुटुंबाचं, त्यात कोणी हात घालत नाही. इतिहासकार लुसिएँ फेव्र यांच्या नावातही तो बी तसाच आहे, फक्त पुढचा ल नाही.

आणि मग उलटी गंमत झाली. काही ठिकाणी जुन्या वहीतलं ते एल-ई-एफ-ई-बी-यू-आर-ई पुढच्या पिढीच्या कारकुनाने जसं दिसतंय तसंच वाचलं, लफेब्यूर! आज लफेब्यूर हे स्वतंत्र आडनाव आहे, बी ही वाजतो, यू ही वाजतो. चुकीच्या वाचनातून खरी माणसं खऱ्या नावाने जगतायत, आणि त्यांना तुम्ही लफेव्र म्हटलंत तर ते तुमची चूक दुरुस्त करतील, बरोबरच आहे त्यांचं.

एक पान अजून डोळ्यासमोर आहे. उत्तर फ्रान्समधल्या पिकार्दीतल्या एका छोट्या गावची सतराव्या शतकाच्या शेवटाची वही, एका बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद. समासात पाद्र्याने आडनाव लिहिलंय बी आणि यू घालून. खाली मजकुरात तेच नाव दोन शब्दांत तोडून, बी आणि व्ही घालून. आणि सर्वात खाली बापाची सही, थरथरत्या हाताने, बी नाहीच, यू आहे. एकाच पानावर एकाच माणसाची तीन स्पेलिंगं, चार बोटांच्या अंतरात. धंदा लिहिलाय शेतकरी. आणि गॉडफादरच्या नावापुढे धंदा मारेशाल, म्हणजे नालबंद, आडनाव अगदीच वेगळं, लिहिता येत नाही म्हणून त्याने सहीच्या जागी हातोडी काढलीये, दांडा जरा वाकडा. आडनावाने लोहार असलेला माणूस शेती करतोय आणि खरा लोखंड ठोकणारा शेजारी उभा आहे, त्याच्या आडनावाचा लोखंडाशी काही संबंध नाही. मी ते पान क्लायंटला पाठवताना सोबत मोठं पत्र लिहिलं होतं, कारण त्यांना तीन स्पेलिंग म्हणजे तीन माणसं वाटत होती आणि त्यांनी आधी केलेली वंशावळ त्यामुळे तीन फांद्यांत फुटली होती.

आता फाब्र आणि फोर. फ्रान्समध्ये एक भाषा कधीच नव्हती, हे विसरून चालत नाही. दक्षिणेत ऑक्सितान बोलायचे. तिथे काही भागांत लॅटिनचा ब शाबूत राहिला, त्याचा फाब्र झाला, आव्हेरों, एरो, तार्न हे त्याचे जिल्हे. कीटकांवर आयुष्यभर लिहिणारे जाँ-आंरी फाब्र 1823 मध्ये आव्हेरोंमधल्याच साँ-लेओं गावी जन्मले, आडनाव बरोबर आपल्या जागी. शेजारच्या इतर भागांत ब विरघळून उ झाला, फाउरे, आणि फ्रेंच वाचनात तो फोर. द्रोम, इझेर, आर्देश, ओत-ल्वार, पलीकडे दोर्दोन्य, तिथे फोर भरपूर. आल्प्सकडे साव्हुआ आणि पलीकडे फ्रेंच बोलणारं स्वित्झर्लंड, तिथे फाव्र. ज्युरा आणि दू जिल्ह्यांत फेव्र, पण मध्ये ए-आय. पश्चिमेला ब्रिटनीच्या सीमेवर ई-यू घालून आणखी एक रूप. गास्कोन्यात शब्दाच्या सुरुवातीचा फ जाऊन ह येतो म्हणून तिथे एच-ए-यू-आर-ई असंही लिहिलेलं सापडतं. आणि हे सगळं फक्त फाबेरच्या वंशातलं! ब्रिटनीत ब्रेटन भाषेत लोहाराला गॉफ, म्हणून ल गॉफ, फिनिस्तेरमध्ये दर शाळेत एखादा तरी असणार. आल्सासमध्ये जर्मन बोली, म्हणून श्मिट. डंकर्कच्या बाजूला फ्लेमिश, म्हणून द स्मेट. लॉरेनमध्ये मार्शाल, तो नालबंद. एकाच गावच्या एकाच माणसाचं काम, आणि आडनाव बघून तुम्ही सांगू शकता की त्याचा खापरपणजोबा कुठली भाषा बोलत होता. उत्तरेत पुढे ल लागतो आणि चिकटून येतो, दक्षिणेत सहसा लागत नाही, ब्रेटनमध्ये लागतो पण सुटा राहतो. एवढ्यावरसुद्धा निम्मं काम होतं.

फसवी आडनावंही आहेत, ती लक्षात ठेवा. फाव्हिए हे लोहाराचं वाटतं पण ते शेंगा-घेवडा पिकवणाऱ्याचं. फेरांमध्ये लोखंड दिसतं पण ते करड्या केसांवरून पडलेलं. लाफार्ग, दफोर्झ ही भट्टीवरून, म्हणजे भट्टीजवळ राहणारा, तो लोहार असेलच असं नाही. उलट फाव्रो हा मात्र खरा, 'छोटा लोहार', पश्चिमेकडचा.

मग आज ते किती आहेत? फ्रान्सची सरकारी सांख्यिकी संस्था इन्से, तिने 1891 ते 2000 या काळातल्या जन्मांची आडनावांची फाइल मोकळी केलेली आहे, दशकावार आणि जिल्हावार, दोन लाखांच्या वर आडनावं. कोणीही उतरवून घेऊ शकतं. त्यात पहिला नंबर मार्टिनचा, तो संताच्या नावावरून. बी वालं लफेव्र पहिल्या वीसात येतं आणि धंद्यावरून पडलेल्या आडनावांत एकाच स्पेलिंगचं सगळ्यात पुढे तेच. त्यातही नोर, पा-द-काले, सोम, सेन-मारितीम, म्हणजे उत्तरेचा पट्टा, इथे ते दाट आहे, सीमेपलीकडे बेल्जियमच्या फ्रेंच भागातही. तुमचे सहकारी लीलचे म्हणजे ऐन गाभ्यातले. बी नसलेलं लफेव्र, फोर आणि फाब्र, ही तिन्ही पहिल्या शंभरात आहेत. आणि आता खरा मुद्दा: या चार स्पेलिंगांची बेरीज करा, मार्टिनच्या बरीच जवळ जाते. वर ल गॉफ, श्मिट, फाव्र वगैरे धरले तर मार्टिन मागे पडतो. म्हणजे फ्रान्सचं सगळ्यात कॉमन आडनाव 'लोहार' आहे, फक्त ते इतक्या भाषांत वाटलं गेलंय की यादीत दिसत नाही. स्पेलिंगवार याद्या करणाऱ्यांनी हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण लोक ती यादी वाचून भलतेच निष्कर्ष काढतात.

ही फाइल वापरताना काही गोष्टी ध्यानात घ्या. ती जन्मांची आहे, आज हयात असलेल्यांची नाही, त्यामुळे 'सध्या इतके लफेव्र राहतात' असं तिच्यातून थेट काढता येत नाही. नावं कॅपिटलमध्ये, अ‍ॅक्सेंट (अक्षरावरच्या खुणा) काढून लिहिलेली आहेत, त्यामुळे अ‍ॅक्सेंटवालं आणि बिनअ‍ॅक्सेंटचं लफेव्र तिथे एक होऊन जातं. ज्यावरून ती बनली ते राष्ट्रीय रजिस्टर 1946 मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याआधी वारलेले बरेचसे लोक तिच्यात नाहीतच, आणि पहिल्या महायुद्धात गेलेली तरुण पोरं आठवा म्हणजे 1890 च्या दशकाचे आकडे का लंगडे ते कळेल. अगदी विरळ आडनावं 'इतर' मध्ये टाकलेली आहेत. आणि जिल्हा म्हणजे जिथे बाळंतपण झालं तो जिल्हा, अलीकडच्या दशकांत तो मोठ्या हॉस्पिटलचा असतो, घराचा नाही. म्हणून मी नेहमी सगळ्यात जुनं दशक उघडते, जुना नकाशा तिथे जास्त स्वच्छ दिसतो, मग शेवटचं दशक शेजारी ठेवते, तेव्हा कळतं की पॅरिसच्या भोवती सगळी रूपं कशी येऊन मिसळलीत.

पुढे काय होईल तेही बघण्यासारखं आहे. 2005 पासून आईबाप मुलाला बापाचं, आईचं किंवा दोन्हींचं आडनाव देऊ शकतात, आणि जुलै 2022 पासून सज्ञान माणूस साध्या अर्जाने आईचं आडनाव घेऊ शकतो. त्यामुळे बापाकडून मुलाकडे अशी एकच वाट आता राहिलेली नाही.

समुद्रापलीकडचं एक सांगते. कॅनडातल्या क्वेबेकला गेलेले लफेव्र तिथे बोलताना शेवटचा र गाळायला लागले, उच्चार लफेव्ह. फेव्ह म्हणजे तीच शेंग. मग एकोणिसाव्या शतकात हे लोक न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामाला गेले आणि काहींचं आडनाव इंग्रजीत चक्क बीन झालं! अमेरिकेतल्या एखाद्या बीनने विचारलं की आमचे पूर्वज शेंगा पिकवत होते का, तर सावकाश उत्तर द्या, कदाचित ते ऐरणीवर घाव घालत होते.

आपल्याकडच्या लोहार, सुतार, कुंभार या आडनावांशी तुलना बऱ्याचदा होते, ती अर्धीच बरोबर. नाव पडायची रीत सारखी, पण तिकडे आडनावाबरोबर धंदा आणि जात बांधली गेली नाही. नातवाने धंदा सोडला की नाव नुसतं नाव उरलं, लग्नं जुळवताना त्याला काही अर्थ राहिला नाही. म्हणून सहकाऱ्याला 'तुम्ही लोहार का?' विचारलंत तर त्याला नवल वाटेल, बऱ्याच लफेव्रना स्वतःच्या नावाचा अर्थ ठाऊकही नसतो.

तर तुमच्यापुरतं: बी असो नसो, उच्चार लफेव्र, देवनागरीत दोन्ही सारखंच लिहा, पण ईमेल आणि कागदपत्रांत ज्याचं स्पेलिंग जसं आहे तसंच ठेवा, एका अक्षराने पगाराचा किंवा व्हिसाचा कागद अडतो, माझ्या हातून गेलेल्या दोन फायली याच बी साठी परत आल्यात. आणि नात्याबद्दल खरंच उत्सुकता असेल तर आडनाव विचारत बसू नका, आजोबांचं गाव विचारा. दोघांचं गाव एकच किंवा पंधरा-वीस किलोमीटरच्या आत निघालं तर त्या जिल्ह्याच्या आर्काइव्हच्या साइटवर चर्चच्या वह्या स्कॅन करून ठेवलेल्या असतात, बघायला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. लग्नाच्या नोंदीपासून मागे जा, कारण त्यात दोन्हीकडचे आईबाप असतात. आणि शोधताना बी चं, बिनबी चं आणि यू चं, तिन्ही स्पेलिंगं तपासा. पूर्वज पॅरिस शहरातलेच निघाले तर मात्र तयारीने बसा, मे 1871 च्या आगीत 1860 च्या आधीचे तिथले दाखले जळाले आणि नंतर त्यातले साधारण एक तृतीयांशच पुन्हा उभे करता आले.

गावांची नावं मिळाली की इथेच लिहा, वहीतलं अक्षर लागलं नाही तर मी वाचून देईन.